बैलानं आखलेली वाट

लालसिंग राठोड यांना सायकल मुळीच आवडत नसे, आणि हे ते माझ्याच सायकल दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पीत मला सांगत. "याला पोट न्हाई, अक्कल न्हाई," ते म्हणायचे. "सोडून दिलं की आडवं पडतं. असलं कसलं जनावर?" मला राग यायचा. मी चाकाच्या तारा कसता कसता उलट विचारायचो, "काका, तुमच्या बैलाचं पंक्चर काढता येतं का?" मग ते पोट धरून हसायचे आणि स्टूल आणखी पुढे ओढून बसायचे. बाजाराच्या दिवशी दुपारभर माझं डोकं खाऊन ते डोंगर चढून घरी जायचे.

आमचं लिंबगव्हाण हे जवळा बाजारहून वर डोंगराकडे आलं की लागतं. आमच्या मागे एक लांबट डोंगर आडवा पडलेला आहे आणि त्याच्या पलीकडे टेंभुरदरा तांडा. तांड्याला जायला तेव्हा दोन रस्ते होते. एक गाडीरस्ता, जो सगळ्या डोंगराला वळसा घालून जवळा बाजारवरून जायचा आणि त्यावर जीप मिळाली तर मिळाली. दुसरी पायवाट, सरळ डोंगराच्या छाताडावरून वर. ती कोणी काढली देवास ठाऊक, पण ज्यानं काढली त्याला फार घाई असावी. तिच्यावरून शेळ्यासुद्धा कुरकुर करत चढायच्या.

लालसिंगांचं वय तेव्हा पासष्टीच्या पुढे असेल. उंच, वाळलेले, डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. काठी ते टेकत कधीच नसत, नुसती खांद्यावर आडवी धरून तिच्यावर दोन्ही हात लटकवून चालत. त्यांच्या लोकांनी पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. लालसिंगांनी स्वतः ते केलेलं नव्हतं, आजोबांकडून ऐकलं होतं. पण सांगताना असं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कालच कुठेतरी मीठ उतरवून आलेत. मी तोंडावर चेष्टा करायचो, तरी ऐकत बसायचो हेही खरं.

त्यांची नात निता. तांड्यातली शाळा सातवीपर्यंत, म्हणून शहाण्णव सालच्या जूनपासून ती आमच्या गावच्या हायस्कुलात आठवीला येऊ लागली, त्या पायवाटेनं, चालत. पोरगी घामाघूम होऊन पोचायची तेव्हा पहिला तास संपत आलेला असायचा. संध्याकाळी परत तेच. घरी पोचल्यावर पुस्तक उघडायची आणि त्यावरच झोपायची. श्रावण संपेपर्यंत तिचं तोंड एवढंसं झालं. मास्तर उशिराबद्दल बोलायचे, तेही बरोबर होतं.

तिचा बाप उत्तमसिंग काही वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारे लगेच दात-ओठ खातात. तो आणि त्याची बायको मिराबाई दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, खाली पश्चिमेकडे कारखान्यावर, आणि पार उन्हाळ्यात परत यायचे. धाकटं लेकरू वर्षाचं होतं. मिराबाई फडात मोळ्या बांधायला गेल्यावर त्याला सांभाळायला कोणीतरी हवं. उत्तमसिंग सरळ म्हणाला, "पोरगी अशी वाळून चालली. शाळा बी धड न्हाई, घर बी धड न्हाई. दसऱ्याला आमच्याबरोबर येऊ दे." आणि फडावर गेलेली पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे तांड्यात सगळ्यांना माहीत होतं. नितालाही माहीत होतं.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी लालसिंग दुकानात आले आणि स्टुलावर बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "मिस्त्री, एक सायकल पाहिजे."

माझ्या हातातला पाना पायावर पडता पडता राहिला. "कोणाला?"

"नितीला. मुलींची असती तशी, मधला दांडा नसलेली."

"काका, तुमची ती पायवाट काय आहे माहीत आहे ना? त्या वाटेनं पोरगी सायकलवर बसणार नाही, सायकलच पोरीवर बसेल."

"त्या वाटेनं न्हाई. दुसरी वाट हाय."

"कुठं?"

"हाय. फक्त दिसून न्हाई राहिली."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते असं. त्यांच्या आजोबांचे बैल मीठ घेऊन याच डोंगरावरून पलीकडे जायचे. लादलेला बैल सरळ चढत नाही, दम कुठे लागेल ते त्याला पोटात कळतं, आणि तो डोंगराच्या कुशीनं तिरपा तिरपा जातो. ती वाट आता गवतात गेली. पण बैलाच्या पाठीवर वजन टाकून त्याला पायथ्याशी सोडला की तो आपोआप ती वाट धरतो. मागे काठी न्यायची नाही, कासरा धरायचा नाही, तोंडातून ब्र काढायचा नाही. तो जिथे वळेल तिथे चुना लावलेला दगड ठेवायचा. तो दम खायला थांबेल तिथे दोन दगड ठेवायचे, तो विसावा. जुन्या लोकांनी नव्या मुलखात वाटा अशाच काढल्या म्हणे.

"तुमी फक्त मागून या," ते म्हणाले. "बैल जाईल तिथून चाक जाईल का, तेवढं सांगा. मला तुमच्या त्या जनावराचं काही कळत न्हाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. दुकान बंद ठेवून बैलाच्या मागे डोंगर हिंडायचा म्हणजे काय? पण सायकल मात्र मी त्याच दिवशी जुळवायला घेतली. जुनी लेडीज फ्रेम माझ्याकडे पडून होती. चाकं एका मोडक्या सायकलची, सीट दुसरीची, मागचं फ्रीव्हील जास्त दात्यांचं टाकलं, म्हणजे चढावर पाय कमी भरून येतील. तिच्या बदल्यात लालसिंगांनी एक बोकड आणून दुकानापुढे बांधला, त्यानं माझ्या दोन ट्यूब खाल्ल्या. निता शाळा सुटल्यावर मैदानावर सायकल शिकायची. दोनदा बोरीच्या काट्यांत गेली, एकदा हेडमास्तरांच्या अंगावर. चौथ्या-पाचव्या दिवशी ती मैदानाला न पडता फेऱ्या मारायला लागली आणि थांबायचं नावच घेईना.

ठरलेल्या सकाळी मी तांड्यावर गेलो. जाताना पायवाटच होती, तेव्हा मी कुठल्या मनःस्थितीत पोचलो ते विचारू नका. लालसिंगांनी आपल्या जोडीतला तांबडा बैल घेतला होता, पाठीवर घोंगडं आणि दोन्ही बाजूंना ज्वारीची अर्धी अर्धी पोती. अंगावर पांढरे ठिपके, एक शिंग जरा आत वळलेलं. दीड वर्षापूर्वी जवळा बाजारच्या बैलबाजारात एका दलालाकडून घेतलेला. निम्मा तांडा तमाशा बघायला जमला होता. उत्तमसिंग लांब उभा होता, मिराबाई लेकराला कडेवर घेऊन. निता चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन आजोबांच्या मागे.

लालसिंगांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, कासरा सोडून घेतला आणि बाजूला झाले. बैल जरा वेळ उभाच राहिला. मग त्यानं मान हलवली आणि पायवाट डावीकडे सोडून, गुडघाभर गवतातून तिरपा चालू लागला.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. तो बैल असा चालला होता की त्याला कोणीतरी पत्ता दिलेला असावा. डोंगराच्या अंगानं लांबच लांब तिरपा जायचा, एखाद्या पळसाशी वळायचा आणि परत दुसऱ्या बाजूनं तिरपा. मोठे खडक टाळायचा. ओघळ आली की ती जिथे उथळ आहे तिथून पार व्हायचा. मी खाली बघत चाललो होतो, कारण मला चाक दिसत होतं. मुरूम घट्ट होता, वर बारीक खडी, चढ असा की पेडलवर उभं न राहताही रेटता यावा. कोणी बोलत नव्हतं. फक्त निता वाकून दगड ठेवायची आणि चुन्याच्या बोटांनी कपाळावरचे केस मागे सारायची, त्यामुळे तिच्या कपाळावर पांढरे पट्टे उठले होते.

बैल दोनदा थांबला, एकदा टेंभुर्णीच्या सावलीत आणि एकदा एका सपाट कातळावर. लालसिंगांनी स्वतः तिथे दोन-दोन दगड ठेवले. दुसऱ्या विसाव्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. इतकी वर्षं जे नुसतं ऐकलं, सांगितलं, ज्यावर लोकांनी दात काढले, ते त्यांच्या समोर चालत होतं.

माथ्यावर पोचलो. पलीकडे खाली आमचं लिंबगव्हाण दिसायला लागलं, सोयाबीन, तूर, मधे शाळेचे पत्रे. बैलानं कान उभे केले आणि उताराला लागला. आता तो जरा भरभर चालू लागला. "बघा," लालसिंगांनी इतक्या वेळानं तोंड उघडलं, "कसा ओळखून चालून राहिला! रक्तात असतंय हे." बैल आणखी भरभर. पायथ्याशी तो एका बांधावर चढला, बांधानं सरळ चालत गावात शिरला, बोळातून वळला, एका अंगणात घुसला, गोठ्यात गेला आणि तिथल्या गव्हाणीत त्यानं तोंड घातलं.

अंगण आमचं होतं.

माझी वहिनी जनकाबाई धुणं वाळत घालत होती. ती हातातलं लुगडं टाकून धावली आणि बैलाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. "पाखऱ्या! माझा पाखऱ्या आला वो! अवो, बाहेर या, पाखऱ्या घरी आला!"

माझे थोरले भाऊ किशनराव बाहेर आले. त्यांनी बैलाचं आत वळलेलं शिंग पाहिलं आणि खाली बघायला लागले. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामात अडचण आली तेव्हा त्यांनीच तो विकला होता. वहिनीनं मग माझ्याकडे मोर्चा वळवला. "भाऊजी, आपल्या घरचा बैल तुमी ओळखला न्हाई? सकाळपासून त्याच्या मागं चालून राहिले तुमी!"

काय सांगणार? मी तेव्हा नांदेडला एका सायकल दुकानात होतो, सणावारी घरी यायचो, आणि मला सगळे बैल सारखेच दिसतात. दोन चाकं असती तर ओळखला असता.

मागून आलेला तांडा हसायला लागला. आधी एकजण, मग सगळे. "लालसिंगबा, मिठाची वाट घावली का?" "आजोबाच्या बैलाला गव्हाण कशी माहीत?" लालसिंग अंगणात मधोमध उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. बैल पूर्वजांच्या वाटेनं आला नव्हता. त्याला घरी जायचं होतं, एवढंच. ते हळूच खाली बसले आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. वहिनीनं चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांची इतकी चेष्टा करणारा माणूस, पण त्या वेळी मला हसू आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

उत्तमसिंग पुढे आला. बापावर ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "बा, उठा आता. झालं ते झालं. दसऱ्याला पोरगी येईल आमच्याबरोबर." मिराबाईनं कडेवरचं लेकरू या बाजूचं त्या बाजूला घेतलं.

निता गोठ्याच्या दाराशी होती, चुन्याची रिकामी पाटी हातात. ती आजोबांपाशी येऊन बसली. तांड्यात आजोबांना दादा म्हणतात. "दादा," ती म्हणाली, "बैल घरीच येऊन राहिला व्हता ना?"

लालसिंगांनी मान हलवली.

"घरी निघाला तरी त्यानं सोपीच वाट धरली. पाठीवर वजन व्हतं त्याच्या." मग ती बापाकडे वळली. "बापू, मला कुठं मीठ न्यायचंय? मला बी रोज घरीच यायचंय."

वहिनीनं पदरानं डोळे पुसले, आता ते बैलासाठी की पोरीसाठी, कोण जाणे.

उत्तमसिंगनं पोरीच्या कपाळावरचे चुन्याचे पट्टे बघितले. शेवटी म्हणाला, "उद्या रविवार हाय. सायकलवर बसून, मधे न उतरता डोंगर चढून दाखव. उतरलीस तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी चाकांत हवा जरा कमी ठेवली, ब्रेकचे रबर नवे टाकले आणि गडी लावून सायकल तांड्याकडच्या पायथ्याला पोचवली. निता बसली. मी मागे पळत होतो, उत्तमसिंग माझ्या मागे, आणि लालसिंग सगळ्यांच्या मागे, काल खाली गेलेली मान अजून तशीच. चुन्याचे दगड गवतात चमकत होते. ती एका दगडाकडून दुसऱ्याकडे अशी जात होती, दात घट्ट मिटून, हँडल डावी-उजवीकडे हलत, पण जात होती. टेंभुर्णीखाली मात्र तिचा दम सुटला. ती उतरली. पुन्हा बसली. कातळावर परत उतरली, हँडलवर डोकं टेकून उभी राहिली.

"उतरली," उत्तमसिंग म्हणाला. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट तोच जास्त खचलेला वाटला.

तेवढ्यात लालसिंग वर आले. त्यांनी कातळावरच्या दोन दगडांवर काठी आपटली. "हे काय हाय?"

उत्तमसिंगनं दगडांकडे पाहिलं.

"विसावा हाय. काल मी ठेवला. टेंभुर्णीखाली बी हाय. काल बैल थांबला तवा कोणी म्हणालं का, की बैल हरला?" त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "आपल्यात विसाव्याला थांबण्याला थांबणं म्हणत न्हाईत. तुझ्या पणज्याला विचार."

पणजा कुठून येणार सांगायला? पण उत्तमसिंगला हसू फुटलं. तो त्या दोन दगडांकडे बघत हसत राहिला, आणि मग कातळावर बसून त्यानं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. "जा," तो निताला म्हणाला. "वर जा." ती गेली. माथ्याच्या खाली भुसभुशीत खडीत ती सायकलसकट घसरली, गुडघा फुटला. तेव्हा तिला उचलायला सगळ्यात आधी बापच धावला. त्या जागेचं आम्ही मग काम केलं.

दसऱ्यापर्यंत ते काम चाललं. जे हसले होते तेच कुदळी घेऊन आले. तांड्यातली माणसं अशीच, आधी हसणार, मग हात लावणार. गवत कापलं, ओघळींत दगड बसवले, वळणं जरा रुंद केली. राहिला आमचा बांध. वाट त्याच्यावरून जाणार म्हटल्यावर किशनरावांनी दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी लालसिंगांना बोलावून म्हणाले, "बांध माझा हाय. पण बैल बी आमचाच व्हता. तो गेला तेवढी वाट तुमची. गाडी मात्र आणायची न्हाई." बैल परत मागायचा वहिनीला फार मोह झाला. भावानं ऐकलं नाही, विकलेलं जनावर परत मागत नाहीत म्हणाला. मग दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाखऱ्या डोंगर ओलांडून आमच्याकडे जेवायला यायचा, एकटा, सोडून दिला की. वहिनी त्याला पुरणपोळी भरवायची आणि मला मागच्या उरलेल्या.

ऊसतोडीचा ट्रक आला तेव्हा मी तांड्यावर होतो. मिराबाई धाकट्याला घेऊन चढली. तिच्या नणंदेची पोर पेमा लेकरू सांभाळायला जात होती, म्हणजे एकीची सुटका झाली तेव्हा दुसरी गेली, हे मी विसरलेलो नाही. ट्रक सुरू होताना मिराबाई मला ओरडून म्हणाली, "मिस्त्री, घंटी मोठी बसवा वो! माथ्यावरनं वाजवली तर खाली ऐकू आली पाहिजे!"

मी बसवली. दुधाच्या गाड्यांना असते तसली, मोठी पितळी. निता संध्याकाळी माथ्यावर पोचली की ती वाजवायची. लालसिंगांना लांबचं दिसत नसे, पण घंटी ऐकू यायची, आणि ते उठून चूल पेटवायला जायचे. मिराबाई घरी असली म्हणजे घंटी वाजल्यावर ती तवा ठेवायची. पोरगी उतरून येईपर्यंत पहिली भाकरी टोपल्यात पडलेली असायची. तो उतार इतका सौम्य होता की ब्रेक लावायची गरज नाही. मी स्वतः कितीदा तरी उगाच त्या वाटेनं खाली गेलो आहे. वारा कानात शिरतो, मुरूम चाकाखाली कुरकुरतो, आणि काही काळ माणसाला कशाचीच चिंता राहत नाही.

निता दहावी झाली, मग औंढ्याला बारावी, मग नर्सिंग. तिच्यामागून तांड्याच्या आणखी पोरी त्या वाटेनं आल्या. पुढच्या सालापासून पेमाही आली, एक वर्ष मागे पडून. उन्हाळ्यात लालसिंग फावडं घेऊन वाटेवर असायचे. दगड ढळला की बसवायचे, आणि बसवताना सायकलला शिव्या द्यायचे. मी एकदा म्हणालो, "काका, एकदा बसून तर बघा. कॅरिअरवर बसा, मी नेतो." ते म्हणाले, "मी बैलाच्या मागनं चालणारा माणूस. माझ्या बुडाखाली असलं बिनपोटाचं जनावर नको."

दोन हजार पाचच्या सुमाराला गाडीरस्त्यावर डांबर पडलं. जीप वाढल्या, मग मोटारसायकली आल्या. पोरी जीपनं शाळेला जाऊ लागल्या, आणि वळसा असला तरी तेच सोयीचं होतं. पाखऱ्या म्हातारा होऊन मेला. वाटेवर गवत आलं. माझ्या दुकानात सायकलींपेक्षा मोटारसायकलींचे टायर जास्त दिसायला लागले, हे सांगताना अजून चीड येते.

मग एका हिवाळ्यात नांदेडकडची तीन माणसं दुकानात आली. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली, डोक्याला टोपड्यासारखं हेल्मेट. डांबराच्या रस्त्याचा कंटाळा आला, डोंगरातून कच्ची वाट आहे का, म्हणाले. अशी माणसंही असतात हे मला तेव्हा कळलं, आणि बरं वाटलं. मी त्यांना बांधावरून लावून दिलं. दुपारी ते परत आले ते नुसते खूश. असा चढ कोणी आखला म्हणून विचारायला लागले. मी म्हणालो, "बैलानं." त्यांना वाटलं मी टिंगल करतो. मी फार समजावत बसलो नाही.

त्या वेळी लालसिंग आमच्याच गावात होते. निता आता आमच्या उपकेंद्रात नर्स होती, लग्न होऊन इथेच राहायला आलेली, आणि छातीत कफ झाला म्हणून तिनं आजोबांना आपल्याकडे आणून ठेवलं होतं. वय ऐंशीच्या आसपास. मी संध्याकाळी त्यांना सांगितलं, "काका, तुमच्या वाटेनं शहरातली माणसं सायकली नेतात." ते उठून बसले. "दगड हाय का जागेवर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गवतात असतील. त्या दिवसापासून त्यांनी धरणं धरलं. बरं वाटतंय, घरी सोडा, आणि जीपनं नाही, वाटेनं.

"दादा, तुमाला चालवणार न्हाई," निता म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि फार कष्टानं म्हणाले, "मग मिस्त्रीला त्याचं ते जनावर आणायला सांग."

निताची जुनी सायकल माझ्याच दुकानाच्या माळ्यावर होती. मी काढली, साखळीला तेल दिलं, टायर बदलले, कॅरिअरवर घोंगडं घडी करून बांधलं. सकाळी आम्ही निघालो. लालसिंग कॅरिअरवर, काठी आडवी मांडीवर. चढावर कोणी पेडल मारणार नव्हतं, निता हँडल धरून चालत होती आणि मी मागून ढकलत होतो. गवतातून एखादा दगड दिसला की ते काठीनं दाखवायचे. कातळावर आम्ही थांबलो. ते दोन दगड होते तसे होते. "विसावा," ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही बसलो.

माथ्यावर पोचल्यावर खाली तांडा दिसू लागला, पत्र्याची नवी घरं, मधे उत्तमसिंगचं जुनं घर. आता पुढे उतार. निता सीटवर बसली आणि मागे वळून म्हणाली, "घट्ट धरा, दादा." त्यांनी एका हातानं तिचा पदर धरला. मग ते काहीतरी इतक्या हळू पुटपुटले की मला मोठ्यानं विचारावं लागलं. ते म्हणाले, "घंटी वाजव की."

निता थांबली. खाली कोणी तिची वाट बघत नव्हतं. आम्ही येणार हे सांगायलाही कोणी गेलं नव्हतं. तिनं अंगठा टाकला. घंटी गंजली होती, आधी खरखरली, मग वाजली, पहिल्यासारखीच मोठी.

मग तिनं पाय वर घेतले आणि ती दोघं निघाली. मी माथ्यावरून बघत राहिलो. लालसिंगांचं पागोटं पहिल्या वळणाला दिसलं, दुसऱ्या वळणाला दिसलं, आणि मधे कुठेतरी म्हातारा मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. मी धावत उतरलो तेव्हा ते अंगणात खाटेवर बसलेले होते, पाय खाली सोडून. मिराबाई चुलीपाशी होती, पीठ लागलेल्या हातांनी, आणि तिचं तिलाच समजत नव्हतं की तिनं हे कधी केलं.

पहिली भाकरी टोपल्यात पडलेली होती.